कमानीखालची हजेरी

सांगलीच्या कॉलेजात मी तीस वर्षं इंग्लंडचा इतिहास शिकवला. त्यातली निम्मी एका उमरावापायी गेली. पंधराव्या शतकातला हा माणूस सोळाव्या वर्षी फ्रान्सच्या लढाईवर गेला, तिथे नाव कमावलं, आणि परतल्यावर दुसरं काही करता येत नसल्यामुळे स्वतःच्या देशातल्या यादवीत उतरला. लाल गुलाबवाले आणि पांढरे गुलाबवाले असे दोन पक्ष होते. तो दोन्हीकडून लढला. भाऊ वारल्यावर पोरक्या पुतणीची जहागीर त्याने सांभाळायला घेतली आणि परत द्यायचं विसरला. बायकोने वीस वर्षं एकटीने किल्ला राखला. तिच्या पत्रांत लोणी, गळकी छपरं आणि मुलांची लग्नं आहेत. त्याच्या पत्रांत फक्त तो आहे. कबरीवर ठेवायचा आपला पुतळा त्याने जिवंतपणीच करवून घेतला: अंगात चिलखत, हात जोडलेले, पायाशी सिंह. त्याचं नाव इथे देत नाही. त्याला नावाची कधीच टंचाई नव्हती.

निवृत्तीनंतर मी गावी, आईकडे राहायला आलो. मलकापूर ओलांडलं की अर्ध्या तासावर आमचं गाव. घरटी एक माणूस फौजेत. वेशीवर काळ्या दगडाची शिळा होती आणि तिच्यावर लढाईत पडलेल्या तेवीस जणांची नावं. सतरावं माझ्या वडिलांचं. ते गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. घरी फक्त त्यांची लोखंडी पेटी आली. आईला फूल ठेवायला जगात ती एक ओळ होती.

मी आलो त्याच वर्षी गावच्या पुढाऱ्यांनी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, आपल्या वडिलांच्या नावाने वेशीवर कमान बांधायला घेतली. त्या वडिलांचा लष्कराशी संबंध एवढाच, की छावणीला बटाटे पुरवायचं कंत्राट त्यांच्याकडे होतं. कमानीवर मात्र ते ढाल-तलवारीसह उभे राहणार होते. डावा खांब शिळेच्या जागी येत होता. जेसीबीने शिळा उचलली आणि पाण्याच्या टाकीपाशी आडवी टाकली, चिखलात पाय भरू नयेत म्हणून.

मी आबांकडे गेलो. "निदान कमानीवर तरी ती नावं कोरा," म्हणालो.

"तेवीस नावं कुटं बसवू, सर? जागा न्हाई," ते म्हणाले. "आन् दगड काय रडतोय व्हय? तुमी शिकलेली माणसं, दगडाला काय धरून बसताय."

भोवतीची चार माणसं हसली. त्यातल्या दोघांच्या आजोबांची नावं त्या दगडावर होती.

घरी आईने विचारलं, "दगड कुटं ठिवला रं?"

"दुरुस्तीला नेलाय," मी म्हणालो. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईने हातातलं फूल परत परडीत ठेवलं. मला लहानपणीही खोटं धड बोलता यायचं नाही.

इंग्लंडात हौशी लोक कबरीवरच्या पितळी पत्र्यावर कागद पसरतात आणि वरून मेणाचा काळा खडू घासतात. झिजून दिसेनासा झालेला सरदारसुद्धा कागदावर उमटतो. हे मी आयुष्यभर पुस्तकांत वाचलं होतं. एका दुपारी टाकीवर कुणी नव्हतं, तेव्हा गुडघे टेकून मी माझी पहिली आणि शेवटची घासणी केली. चपलांनी गुळगुळीत झालेल्या दगडातून काळ्या कागदावर पांढरी अक्षरं वर आली. तेवीसच्या तेवीस. कागदाची सुरळी मी कपाटात ठेवली आणि वाट पाहिली. वाट पाहणं हा इतिहासाच्या माणसाचा धंदाच आहे.

फार पाहावी लागली नाही. उद्घाटनाला प्राध्यापक हवा होता, म्हणून आबाच घरी आले. "तुमचा त्यो इंग्रज सरदार घ्या की भाषणात. आमच्या वडलांसारकाच हाय न्हवं?"

"अगदी घरातलाच वाटेल," मी म्हणालो.

उद्घाटनाच्या भाषणात मी एक शब्दही खोटा बोललो नाही. दोन गुलाबांपाशी मांडवात थोडी कुजबुज झाली. आबांच्या गळ्यातलं उपरणं त्या वर्षी तिसऱ्या रंगाचं होतं. पुतणीच्या जहागिरीपाशी मागे कुणाला तरी मोठा खोकला आला. आबांच्या वारलेल्या भावाची मुलगी बायकांच्या रांगेत मान खाली घालून बसली होती. सोफ्यावर आबा मान डोलवत होते. पायाशी सिंह ही कल्पना त्यांना विशेष आवडली.

मग मी म्हणालो, "या सरदाराबरोबर तिरंदाज गेले, मेले. त्यांना पुतळे नाहीत. पण कारकुनाचा हजेरीपट राहिला, म्हणून त्यांची नावं आजही वाचता येतात. आपल्या गावचा हजेरीपट माझ्याकडे आहे. कृपया उभे राहा."

फौजेच्या गावात हे दोनदा सांगावं लागत नाही. मांडव उठला. गावातले एक म्हातारे निवृत्त सुभेदार टाचा जुळवून ताठ झाले. दोन्ही गुडघ्यांनी अधू झालेले आबाही सोफ्याचा हात धरून उठले. मी सुरळी उलगडली.

पहिलं नाव वाचलं. सुभेदारांनी आपल्या चुलत्यासाठी उत्तर दिलं, "हाजर." त्यानंतर प्रत्येक नावाला कुठून ना कुठून आवाज येत गेला. त्या हसणाऱ्या दोघांचाही आला. मी नावं सावकाश वाचत होतो. आबांचे पाय थरथरत होते, आणि ते बघून मला बरं वाटत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

सतरावं नाव वाचलं. उत्तर मीच द्यायचं होतं, पण माझं बोट त्याच ओळीवर राहिलं. बायकांच्या रांगेतून आईचा आवाज आला.

"हाय. फुडचं वाच."

पुढची सहा मी आणखी सावकाश वाचली.

चौथ्या दिवशी शिळा वेशीवर, कमानीच्या खांबाशेजारी उभी राहिली, आबांच्या स्वखर्चाने आणि पेपरातल्या फोटोसह. दुसरा मार्ग गावाने त्यांना ठेवला नव्हता. मग ते एका कारागिराला घेऊन माझ्याकडे आले. शिळेच्या तळाशी एक ओळ टाकायची होती: अमुक यांच्या शुभहस्ते पुनःस्थापना.

मी त्यांच्याबरोबर वेशीपर्यंत गेलो. तेविसाव्या नावाखाली चांगला हातभर दगड मोकळा होता. कारागीर माझ्याकडे बघत होता. सतराव्या ओळीवर सकाळचं झेंडूचं फूल होतं.

"जागा न्हाई, आबा," मी म्हणालो.