कागलपर्यंतची सोबत

रस्ता संपला की मामा बसमधून उतरायचे, बॉनेटवर तळहाताने दोन थापा मारायचे, बैलाच्या पाठीवर मारतात तशा, आणि म्हणायचे, "संपला की रस्ता! आता फिरा माघारी." कन्याकुमारीला समुद्रापाशी, ओख्याला धक्क्याजवळ, बद्रीनाथला बर्फाच्या डोंगराखाली, सगळीकडे हेच. पुढचं चाक डांबराच्या शेवटच्या वितीवर टेकल्याशिवाय त्यांना पोहोचल्यासारखं वाटत नसे. यात्रेकरू देवळाकडे धावत, मामा चाकाकडे बघत उभे.

सत्तरच्या दशकात आमची यात्रेची एक बस होती. बुकिंग नवऱ्याकडे, स्टोव्ह आणि पिठाचे डबे माझ्याकडे, गाडी आमच्या ड्रायव्हरकडे, ज्यांना सगळी बस मामा म्हणे. हिंदुस्थानच्या ज्या टोकाला रस्ता जातो तिथवर माणसं न्यायची, हा आमचा धंदा. मामा गाडी नीट चालवत. तोंड मात्र सैल. बसमध्ये कुणाला उलटी झाली की आरशात बघून म्हणत, "ओकणारं माणूस आन् गळणारा रेडिएटर, दोन्ही घरात ठेवावं!" ओकणारा सोडून सगळी बस हसे. तुम्हीही हसला असता. मीही हसायचे, लिंबू कापता कापता.

मामींना, म्हणजे बायकोला, कधी का आणत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "तिला हौस न्हाय." मामी आजऱ्याच्या. लग्नात बैलगाडीतून कोल्हापुरात आल्या, त्यानंतर फार तर चैत्रात चालत जोतिबाला. एकदा मी त्यांनाच घरी जाऊन विचारलं.

"हौस न्हाय असं कुणी सांगितलं? समुद्र बघायचाय की मला. हे येऊन सांगत्यात, आन् मी नुसती ऐकती."

कन्याकुमारीच्या फेरीत एक जागा रिकामी राहिली होती, ती मी मामींना दिली. मामा घुटमळले, पण मालकिणीला नाही कसं म्हणणार?

कोल्हापुरातून निघालो तेव्हा मामी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर होत्या. नवी साडी, मांडीवर भाकरीचं गाठोडं. कागल यायच्या आतच त्यांनी खिडकीबाहेर डोकं काढलं. दुसऱ्या वेळी खिडकीपर्यंत पोहोचताही आलं नाही. मामांनी गाडी कडेला घेतली. दरवर्षी येणारा गडहिंग्लजचा एक गूळव्यापारी मागून ओरडला, "मामा, रेडिएटर गळाय लागला की! कुणाचा म्हणायचा ह्यो?"

बस हसली. मामांनी मागे वळून पाहिलं नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "कुणी पावण्या हायत. आजऱ्याकडच्या."

मामी पदराने तोंड पुसत होत्या. त्यांचा हात तिथेच थांबला. ह्याच मामी, हे बाकीच्यांना ठाऊक नव्हतं; मला होतं, तरी मी लिंबू कापायला घेतलं.

मामी गाठोडं घेऊन उतरल्या. "मी जाते घरला."

"एस.टी.त बसवून देते," मी म्हटलं.

"आन् परत ओकू व्हय? जोतिबाला जाते तेवढंच असंल चालायला."

त्या निघाल्याही. मामा खाली उतरले, दोन पावलं त्यांच्या मागे गेले. मग खिडक्यांतून बघणारी तोंडं त्यांना दिसली असावीत. परत येऊन बसले आणि गाडी सुरू केली.

कन्याकुमारीला त्यांनी बस समुद्राच्या बऱ्याच अलीकडे उभी केली. "म्हणा की मामा, संपला रस्ता!" तोच व्यापारी. मामा टायरपाशी वाकून हवा बघत राहिले. चारही चाकांची हवा ठीक होती.

परत आल्यावर त्यांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली. "वैनी, दुसरा माणूस बघा."

का, म्हणून विचारलं.

"शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. घरात पाऊल टाकलं, तर पाट मांडला, पाण्याचा तांब्या दिला, आन् म्हणाली, 'या पावणं. लांबनं आलासा?'"

ते 'पावणं' पुढे सुटलं नाही. बाजारात, शेजाऱ्यांत, जावयासमोरसुद्धा मामी त्यांना पावणंच म्हणत. लोकांना गंमत वाटे. मामा दरवेळी मान खाली घालत.

ते मला शेवटचे दिसले जोतिबाच्या घाटात. चैत्रातलं ऊन, आमची बस वर निघालेली. मामी पुढे भरभर चालत होत्या आणि मामा मागे, हातात पाण्याचा कॅन, धापा टाकत. जन्मभर बसून रस्ते काढलेला माणूस, गुडघे काय साथ देणार? मी बस थांबवली.

"मामा, चढा. वर सोडते."

त्यांनी पायरीकडे पाहिलं. मनापासून पाहिलं. मामी न वळता म्हणाल्या, "बसू द्या की वैनी पावण्यास्नी. चालायची सवय न्हाय त्यास्नी."

मामांनी कॅन दुसऱ्या हातात घेतला आणि मोकळ्या झालेल्या तळहाताने आमच्या बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. नव्या ड्रायव्हरला इशारा समजला. गाडी हलली.

मागच्या काचेतून पाहिलं, तर मामी वळणावर थांबल्या होत्या. मामांसाठी की पाण्यासाठी, ते बसमधून कळत नव्हतं.