बक्षिसांच्या दिवशीचं हसू

देवासच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण झाले ती माझ्या थोरल्या भावामुळे. मी मूळची धारची. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि मी माहेरी परत आले. घरातली माणसं माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तशी हळू आवाजात बोलत. दादा मात्र सुटीवर आला की मला समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावी. तो देवासला दरबारच्या कचेरीत होता. वडिलांशी भांडून त्यानं मला इंदुरास शिकायला ठेवलं, आणि परीक्षा झाल्यावर आपल्या घरी देवासला नेलं. निघताना आई म्हणाली, "लोक बोलतील रे." दादा म्हणाला, "बोलू देत. तिच्या पाठीशी मी आहे."

देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच रस्त्याच्या अलीकडे एका दरबाराचा अंमल, पलीकडे दुसऱ्याचा. पाहुण्यांना त्याची गंमत वाटे. आम्हांला सवय होती. आमची शाळा रस्त्याच्या अलीकडे. एकोणीस मुली होत्या.

तिसऱ्या वर्षी बक्षीस समारंभ ठरला. शाळाखातं ज्यांच्या हाती होतं ते दरबारचे बडे अधिकारी अध्यक्ष म्हणून येणार होते. दादा त्यांच्याच हाताखाली काम करी. मी चार शब्द बोलावेत असं त्यानंच सुचवलं. मी लिहून काढलं, त्यानं दोन ठिकाणी शब्द बदलले आणि म्हणाला, "झकास झालंय. न घाबरता वाच."

मी न घाबरता वाचलं. मागणं एवढंच होतं, की मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की शाळेतून काढून घेतात, तर आईबापांनी आणखी दोन वर्षं तिला राहू द्यावं.

मग अधिकारी उठले. गळ्यातला झेंडूचा हार सारखा करत म्हणाले, "मास्तरीणबाई फार गोड बोलल्या. मला आमच्या घरची मैना आठवली. पण मंडळी, मुलींनी एवढं शिकून लिहायचं कोणाला? नवऱ्याला म्हणाल, तर तो घरातच असतो. आणि जिचा घरात नाही, ती कोणाला पत्रं लिहीत असेल, ते मी भर सभेत विचारू नये हेच बरं!"

मांडव हसला. पुढच्या खुर्च्यांवर गावातले वकील, सावकार, कचेरीतले लोक होते. एकानं तर मांडीवर थाप मारली. चिकाच्या पडद्यामागे बायका बसल्या होत्या, तिकडून काही आवाज आला नाही. माझी नजर दादाला शोधत गेली. तो दुसऱ्या रांगेत होता. शेजाऱ्याकडे मान कलती करून तो हसत होता, डोळे मिटून, मनापासून. लहानपणापासून मी ते हसणं ओळखत होते.

त्यानंतर बक्षिसं व्हायची होती. खण, बाहुल्या, पाट्या असं सगळं मांडलेलं तबक घेऊन मी त्याच गृहस्थांच्या शेजारी उभी राहिले आणि एकेक वस्तू त्यांच्या हाती देत गेले. माझे हात कापले नाहीत. याचा तेव्हा मला अभिमान वाटला होता. आज रागच येतो. ते तबक खाली ठेवून निघून जायला हवं होतं.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "अगं, मोठी माणसं थट्टा करतात. मनावर घेऊ नये."

"तू हसलास."

"सगळेच हसत होते. मी एकटा तोंड पाडून बसलो असतो, तर उद्या कचेरीत काय झालं असतं?"

वहिनी पाट मांडत होत्या. त्या दिवशी त्यांनी मला आधी वाढलं.

पुढच्या आठवड्यात गावानं ती थट्टा आपलीशी केली. विहिरीवर कोणी विचारी, "काय बाई, पत्र आलं का?" आईचं धारहून आलेलं पत्र देताना टपालवालासुद्धा ओठात हसला. तीन मुलींची नावं घरच्यांनी शाळेतून काढली. एका वडिलांनी मला दारातच सांगितलं, "आप पर शक नहीं है बाईसाब, पण लोकांची तोंडं कोण धरणार?" शाळेत फुलं देणाऱ्या माळणीची मुलगी पहिल्या वर्गात होती. माळीण एक दिवस टोपली घेऊन आली आणि ओट्यावर बसली. "वो हार म्हारा हाथ को थो," ती म्हणाली. "मालूम होतो तो नी देती. म्हारी छोरी तो आवेगी, बेनजी." झाल्या प्रकाराबद्दल माझ्याकडे कोणी वाईट वाटल्याचं बोललं असेल, तर ती एकटीच.

महिन्याभरानं पुण्याच्या एका वर्तमानपत्रात निनावी पत्र छापून आलं. समारंभात काय बोललं गेलं ते शब्दन् शब्द त्यात होतं, आणि अशा गृहस्थांच्या हाती मुलींची शाळा का असावी, असा सवाल होता. ते कोणी लिहिलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. गावानं मात्र लगेच ठरवलं, की मीच लिहिलं. कालपर्यंत मी पत्रं कोणाला लिहिते म्हणून हसणारे लोक आता मी पत्र लिहिलं म्हणून चिडले.

"तू लिहिलंस का?" दादानं विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

"मी लिहिलं असतं तर खाली नाव घातलं असतं."

त्यानं मान डोलावली. माझ्यावर त्याचा विश्वास बसला, असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी त्याच वर्तमानपत्रात खुलासा आला. आमच्या शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांनी अंक माझ्यापुढे ठेवला आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनी लिहिलं होतं, की अध्यक्षांच्या तोंडी असे शब्द आलेच नाहीत, ते केवळ वडीलकीनं कौतुक करत होते, आणि "स्वतः मास्तरीणबाईही त्या प्रसंगी आनंदाने हसत होत्या." खाली नावं होती. तिसरं नाव दादाचं.

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'त्या प्रसंगी आनंदाने' ही शब्दांची ठेवण मला ओळखीची होती. माझे निबंध ज्यानं वर्षानुवर्षं तपासले, त्याचा हात माझ्यापासून लपणार नव्हता.

संध्याकाळी तो पगडी उतरवत असतानाच मी विचारलं, "मसुदा तुझा आहे?"

"कोणाला तरी लिहावाच लागला असता."

"मी हसत होते असं लिहिलंस?"

"त्यानं तुझीच अब्रू राखली गेली," तो म्हणाला. "तू दुखावलीस असं छापून आलं असतं, तर त्या बोलण्यात काही तथ्य होतं असं लोकांना वाटलं असतं."

त्याला हे खरंच पटलेलं होतं. अधिकाऱ्यांचं बोलणं परक्याचं होतं, ते मी एक दिवस विसरलेही असते. पण माझ्या तोंडावर नसलेलं हसू माझ्या भावानं तिथे चिकटवलं होतं, तेही छापून.

मी नोकरी सोडली. दादाला वाटलं, मी धारला परत जाईन. मी रस्ता ओलांडला. माळणीचं घर पलीकडच्या बाजूला होतं, दुसऱ्या दरबारच्या हद्दीत. तिच्या पडवीत मी सतरंजी घातली आणि तिथेच राहून मुलींना शिकवू लागले. इकडच्या अधिकाऱ्यांचा हुकूम तिथे चालत नव्हता, आणि तिकडच्या अधिकाऱ्यांना पाच पोरींच्या पाढ्यांत रस नव्हता. पहिल्या दिवशी पाचच आल्या. पावसाळ्यापर्यंत अकरा झाल्या. त्यांतली एक दादाची मुलगी. वहिनी तिला रस्त्यापर्यंत आणून सोडत आणि पदर सावरत म्हणत, "वन्सं, हिला हिशेब नको, आधी लिहायला शिकवा." दादाला ठाऊक असणारच, कचेरीला जाण्याची त्याची वाट तीच होती. त्यानं कधी अडवलं नाही आणि कधी मान वळवून पाहिलंही नाही.

त्या अधिकाऱ्यांचं पुढे काही बिघडलं नाही. निवृत्त झाले तेव्हा गावानं कमान उभारली. मुलींच्या शिक्षणाचे आश्रयदाते म्हणून त्यांच्यावर भाषणं झाली म्हणे.

सहा वर्षांनी आई अंथरुणाला खिळली म्हणून मी धारला आले. दादा तिला भेटायला आला, तेव्हा तळ्याच्या बाजूला आम्ही दोघं बसलो होतो. तो थकला होता. आपण होऊनच म्हणाला, "त्या सभेत सगळं गाव हसलं. मी मात्र हसलो नव्हतो हो."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच आठवत होतं.

"तू हसला होतास, दादा," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, जणू माझंच चुकत होतं, आणि आईच्या औषधाचं काहीतरी विचारलं.

पुढे तो होता तोवर दर भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. मनात राग धरून नव्हे. भाऊच होता तो. पण लिहिलेला कागद त्याच्या हाती मी पुन्हा कधी दिला नाही, आणि त्यानंही तो कधी मागितला नाही.