मेजदांची मिनिटं

मेजदा बाराही महिने छत्री घेऊन यायचे. कोलकात्यात पावसाळ्यात छत्री लागतेच, उन्हाळ्यातही लागते; पण जानेवारीत, सगळे बंगाली कानटोप्या घालून थंडीशी लढत असतात तेव्हासुद्धा यांच्या मनगटाला छत्री लटकलेली. जुनी, काळी, वेताच्या वाकड्या मुठीची. ती उघडलेली मी सोळा वर्षांत दोनदा पाहिली असेल. बाकी सगळा वेळ ती ओपीडीच्या टेबलावर आडवी असायची, कारण पेशंटला समजावून सांगायचं काम त्या मुठीवर चालायचं. "ही बघा महाधमनी. हृदयातून अशी वर निघते, इथे वळते आणि पाठीमागून खाली पोटात जाते. या वळणावर तीन फांद्या." मुठीवर तीन बोटं उभी करून दाखवायचे. "एक उजव्या हाताला आणि डोक्याला, एक डोक्याला, एक डाव्या हाताला. तुमचं हे वळण फुगलंय. फुटायच्या आत मी तेवढा भाग काढणार आणि तिथे कापडी नळी शिवणार." समोरचा माणूस छत्री हातात घेऊन मूठ उलटसुलट करून बघायचा. एकाने विचारलं होतं, "डाक्तारबाबू, कापड धुतल्यावर आटणार नाही ना?" मेजदा इतके हसले की बाहेरच्या रांगेतले लोक दार ढकलून आत डोकावले.

मेजदा म्हणजे बंगाली घरातला दोन नंबरचा दादा. आमच्या हृदयशस्त्रक्रियेच्या युनिटमध्ये त्यांच्या आधी एक थोरले सर्जन होते, ते बोडदा. म्हणून हे मेजदा. बोडदा कधीच निवृत्त झाले, पण यांना काही बढती मिळाली नाही. साठी उलटली, डोक्यावरचे केस गेले, अख्ख्या पूर्व भारतातून पेशंट यायला लागले, तरी हे आपले मधलेच.

आणि मी त्यांची पंपवाली. म्हणजे परफ्युजनिस्ट. हृदय थांबवून काम चालतं तेव्हा पेशंटचं रक्त ज्या हार्ट-लंग मशीनमधून फिरतं, ते मी चालवते. माझे बाबा बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून इथे आले आणि कोलकात्याच्या बेहाला भागात घर घेऊन इथलेच झाले. माझा जन्म इथलाच. घरात मराठी, घराबाहेर बांगला, आणि दोन्हीकडे जिभेला हाड नाही, असं आईचं ठाम मत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी भर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणाले, "सर, तुम्ही मास्कमध्ये पुटपुटता. पंपाचा हुकूम मोठ्याने द्या, नाहीतर मी ऐकणार नाही." सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. मेजदांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू कुठली गं?" "मराठी." "अरे बाबा! बर्गी आली!" बंगालात एके काळी नागपूरकरांचे घोडेस्वार लुटायला यायचे, ते बर्गी. त्यांचं नाव काढून इथल्या आया अजून पोरांना झोपवतात. त्या दिवसापासून माझं खरं नाव फक्त पगाराच्या यादीत उरलं.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी मला ते काम दिलं. चहाची वेळ होती. माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "इथे सगळे माझ्या पाया पडतात. पाया पडणाऱ्याला माझे फक्त बूट दिसतात. तुझ्याकडे घड्याळ आहे आणि तोंडही आहे. माझा हात ज्या दिवशी जड होईल, त्या दिवशी तू मला सांगायचंस. आधी तू. दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. कबूल?" मी म्हटलं, कबूल. त्यांचा हात तेव्हा असा चालायचा की बघत राहावं. असं वचन द्यायला माझं काय जात होतं!

माझ्या घड्याळाची भानगड सांगायला हवी. महाधमनीचं वळण शिवायचं तर त्यातून रक्त वाहून चालत नाही. म्हणून आम्ही पेशंटला मशीनमधूनच हळूहळू थंड करतो, इतकं की शरीराची प्राणवायूची भूक जवळजवळ मरते. मग मेजदा म्हणायचे, "बर्गी, थांबव." मी पंप थांबवायचे. मेंदूपुरतं थोडं रक्त एका बारीक नळीतून चालू, बाकी अंगाला काहीच नाही. तिथून माझी मिनिटं सुरू. दर पाच मिनिटांनी मी मोठ्याने सांगायचं: पाच. दहा. पंधरा. शिवणाऱ्याला मान वर करून घड्याळ बघता येत नाही, त्याला वेळ कळते ती माझ्या तोंडून. जितका उशीर, तितका मूत्रपिंडाला आणि पाठीच्या कण्यातल्या नसांना धोका. म्हणून सगळा जीव त्या मिनिटांत.

अवघड शस्त्रक्रियेच्या सकाळी आमच्याकडे भांडण असायचं. मेजदांचाच शब्द. सकाळी आठला टेबलावर मुडीचं भलंमोठं घमेलं यायचं. मुडी म्हणजे आपले चुरमुरे. त्यात कांदा, हिरवी मिरची, कच्चं मोहरीचं तेल. मेजदा आपला बेत सांगायचे आणि मग प्रत्येकाने त्यात एक खोट काढायची. खोट काढली की मूठभर मुडी. नाही काढली तर उपाशी. भूल देणारे डॉक्टर, सिस्टर, ट्रॉली ढकलणारा शिबूदा, कुणालाही सूट नाही. एकदा शिबूदा म्हणाला, "बेत बरा आहे मेजदा, पण बाई कालपासून एक शब्द बोलल्या नाहीत. घाबरून दगड झाल्यात." मेजदा तसेच उठले, वॉर्डात गेले आणि तास दीड तास त्या बाईंजवळ बसून त्यांच्या शेतातल्या वांग्यांची चौकशी करत राहिले. शस्त्रक्रिया उशिरा सुरू झाली. शिबूदाला त्या दिवशी दोन मुठी मिळाल्या.

काम मनासारखं चाललं की ते तोंड मिटून काहीतरी गुणगुणायचे. गाणं कुठलं ते कुणाला कधी ओळखता आलं नाही, बहुधा त्यांनाही माहीत नसावं. धमनीचे पापुद्रे सुटलेले असले, ओल्या कागदात टाके घालायची वेळ आली, की गुणगुणणं बंद. मग आम्हीही श्वास धरून बसायचो. पुन्हा सुरू झालं की सिस्टर माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. असला आनंदी माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाहेर आल्यावर आधी नातेवाइकांना भेटायचे, मग चहा घेत माझा पंपाचा कागद, म्हणजे मिनिटामिनिटाची नोंद, वाचायचे. लोक सकाळचा पेपर वाचतात तसा, शेवटच्या ओळीपर्यंत.

गेल्या वर्षी दुर्गापूजेच्या थोडं आधी मला पहिल्यांदा जाणवलं. ज्या कामाला पूर्वी वीस-बावीस मिनिटं लागायची, तिथे मी "पंचवीस" म्हणत होते आणि टाके अजून बाकी होते. एकदा झालं, मी म्हटलं धमनीच अवघड होती. दुसऱ्यांदा झालं, मी म्हटलं सुई बरी नसेल. तिसऱ्यांदा मला सबब सापडेना. पेशंट सगळे ठणठणीत घरी जात होते, टाकेही तितकेच सुबक होते. पण हात जड झाला होता, आणि गुणगुणणं मात्र तसंच. त्यांना पत्ताच नव्हता. मला त्याचंच फार वाईट वाटायचं.

आणि मी, जिभेला हाड नसलेली मी, तोंड शिवून बसले. रोज ठरवायचे, आज सांगायचं. चहाच्या वेळी त्यांच्याजवळ जायचे आणि आंब्याच्या लोणच्याबद्दल बोलून परत यायचे. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. एकदा त्यांनीच विचारलं, "बर्गी, तुला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "छे! कुठे काय!" घरी जाऊन स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की नवरा म्हणाला, तू कुणाशी भांडतेयस?

मग बेहालातल्या एक काकीमा, म्हणजे काकू, पेशंट म्हणून आल्या. आमच्याच भागातल्या, ब्लाउज शिवायचं दुकान होतं त्यांचं. त्यांचं वळण चांगलंच फुगलेलं. मेजदांना म्हणाल्या, "टाके जवळ जवळ घाला हं डाक्तारबाबू. घाईत लांब टाके पडतात आणि मग उसवतं." मेजदांनी हे भांडणात सगळ्यांना सांगितलं आणि ही आजची सर्वांत चांगली सूचना म्हणून काकीमांच्या नावाने एक मूठ मुडी बाजूला काढून ठेवली.

त्या शस्त्रक्रियेत मी चुकले. पंचवीस म्हटलं. काट्यावर तीस झाली आणि मला दिसत होतं की आता शेवटचे टाके चाललेत. मनात आलं, कशाला त्यांना तीसचा आकडा ऐकवायचा, एवढ्यात गाठ मारतीलच. मी गप्प राहिले. एकतीस झाली. गाठ पडेना. आता बोलायचं तर आधी का बोलले नाही हा प्रश्न. बत्तीस होताना मी म्हणाले, "तीस." त्यांनी गाठ मारली, म्हणाले, "चालू कर." मी पंप चालू केला आणि कागदावर लिहिलं: तेहेतीस. तोंडाने खोटं बोलले होते, हाताने खोटं लिहवेना.

काकीमा सुखरूप होत्या, हे आधी सांगते. चौथ्या दिवशी वॉर्डात चालत होत्या आणि सिस्टरच्या युनिफॉर्मच्या शिलाईला नावं ठेवत होत्या. पण शस्त्रक्रियेच्याच दुपारी मेजदा चहाचा कप तसाच ठेवून माझा कागद घेऊन उभे राहिले. "तू तीस म्हणालीस आणि लगेच मी गाठ मारली. मग हे तेहेतीस कुठून आले?"

मी सगळं सांगितलं. तिथेच, उभ्या उभ्या, रडत. आजचंही आणि पूजेपासूनचंही. सोळा वर्षांत ते माझ्यावर कधी चिडले नव्हते. त्या दिवशी चिडले. हात जड झाल्याबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, "माझ्यावर दया करायची तर तुझ्या वेळात कर. ती मिनिटं काकीमांची होती. ती लपवायचा हक्क तुला नाही, मलाही नाही." मग खुर्चीत बसले. बोटं उघडून-मिटून पाहिली. गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला आणि म्हणाले, "उशीर केलास, पण सांगितलंस. मला वाटत होतं की मी अजून पन्नाशीतच आहे. बघ तरी!" आणि हसायला लागले. मला हसू येईना तर म्हणाले, "अगं, बर्गी रडली तर बंगालने काय करायचं?"

पुढच्या सोमवारी तसंच वळणाचं काम होतं. मेजदा हात धुऊन आत आले आणि पेशंटच्या उजव्या बाजूला, सर्जनच्या जागी न जाता, डाव्या बाजूला मदतनिसाच्या जागी उभे राहिले. तिथे दहा वर्षं सुदेष्णा उभी असायची, त्यांची विद्यार्थिनी. ती बिचारी मध्येच खांबासारखी थांबली. "काय बघतेस? त्या बाजूला जा. मला इकडून तरी नीट बघू दे, तुझे टाके कसे पडतात ते."

मदतनीस म्हणून मेजदा अगदी वाईट होते. हात स्थिर, पण तोंड थांबायला तयार नाही. "जरा खोल घे. तिथे नको, इथे. अगं तिथेच बरोबर होतं." तिसऱ्या आठवड्यात सुदेष्णा मान वर न करता म्हणाली, "मेजदा, चूप!" मेजदांनी माझ्याकडे वळून पाहिलं; मास्कच्या वर डोळे नुसते चमकत होते. "ऐकलंस बर्गी? ही पण बोलायला लागली!" त्यानंतर ते खरंच गप्प राहिले, म्हणजे फक्त गुणगुणले.

हिवाळ्यात ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशीही सुदेष्णाच शिवत होती आणि ते समोर उभे. मी पाच म्हटलं, दहा म्हटलं, पंधरा म्हटलं. तिने गाठ मारली, "चालू करा," म्हणाली. मी मोठ्याने सांगितलं, "सतरा." रक्त फिरायला लागलं, कुठे गळती नाही. तेव्हा मेजदांनी विचारलं, "बर्गी, असल्या कामाला माझा सर्वांत कमी वेळ किती होता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सिस्टर मान हलवून नको नको म्हणत होती. त्यांचा शेवटचा दिवस होता, आणि मला आकडा तोंडपाठ होता.

"एकोणीस," मी म्हणाले.

त्यांनी सुदेष्णाकडे पाहिलं. नळी नीट बसली आहे, सगळं ठाकठीक आहे, हे तिच्याबरोबर पुन्हा एकदा पाहिलं आणि हातमोजे काढून बाहेर पडले. पेशंटच्या मुलाला म्हणाले, "माझ्या पाया नका पडू, शिवणारी मागून येतेय. माझ्यापेक्षा दोन मिनिटं आधी शिवलंय तिने!" मग वॉर्डातल्या सिस्टरना सांगितलं. कॅन्टीनमध्ये जाऊन सांगितलं. शिबूदाला दोनदा सांगितलं. मी मशीन आवरून खाली निघाले तेव्हा लिफ्टवाला दार लावत मला विचारत होता, "दीदी, मेजदांना नात झाली का? मघापासून चार वेळा खाली-वर केलं, प्रत्येक वेळी माझा हात धरून सांगतायत, दोन मिनिटं, दोन मिनिटं. मला काही समजलं नाही."

माझे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. मी म्हटलं, "हो रे. मुलगी झाली."