एल्सीच्या दारातला निखारा

क्लॅवी म्हणजे खांबावर ठोकलेलं अर्धं पिंप, आत डांबर. अकरा जानेवारीच्या संध्याकाळी ते पेटवायचं आणि बर्गहेड या बंदरगावच्या गड्यांनी आळीपाळीनं डोक्या-खांद्यावर घेऊन गावभर फिरवायचं. नेणारा अडखळला की गावाचं वर्ष खराब. हे कुणी शिकवत नाही. तिथलं पोर ते घेऊनच जन्माला येतं.

रॉडीचा बाप अडखळला होता, बंदराच्या कोपऱ्यावर. त्याच वर्षी वसंतात गावातल्या सँडीची बोट त्याच्यासकट बुडाली. बापाला तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त दरवर्षी घरोघरी क्लॅवीतला शकुनाचा निखारा देतात, तो एल्सीच्या, म्हणजे रॉडीच्या आईच्या दारात यायचा बंद झाला. बाप त्या न बोलण्यानंच झिजून गेला. रॉडीनं शाळा अर्ध्यात सोडली, खेकड्यांच्या बोटीवर लागला आणि दरवर्षी क्लॅवीच्या टोळीत जागा मागत राहिला. यंदा मिळाली. देणारा टोळीचा म्होरक्या हेक्टर. सँडीचा सख्खा भाऊ.

त्या दुपारी आईनं माळ्यावरचं मोठं पातेलं काढलं. धुरी दिलेला हॅडक मासा, बटाटे, कांदा, दूध. घरभर वास.

"एवढं सूप कुणासाठी गं?"

"निखारा घेऊन माणसं येतील ना. उपाशी पाठवू?"

"आणि नाही आली तर?"

"तर आठवडाभर तू हेच गिळ."

ती हसली नाही. रॉडीही नाही.

अंधार पडला, पिंप पेटलं. हेक्टरनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पाय बापाचे नाहीत ना रे?"

"त्याचेच आहेत, काका. म्हणून तर आलोय."

हेक्टरनं त्याच्या खांद्यावर ओझं दिलं.

डांबर पाठीवर ठिबकायला लागलं. जुन्या कोटातूनही चटका बसत होता. समुद्राकडचा वारा ज्वाळा तोंडावर फेकत होता, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. बंदराचा कोपरा आला. रॉडी पायाखाली बघायचंच नाही असं ठरवून आला होता, तरी बघितलं. दगडावर बर्फाचा पापुद्रा होता.

पाऊल सटकलं.

पिंप कललं, ठिणग्या उधळल्या, गुडघा जमिनीकडं निघाला. तेवढ्यात मागून एक खांदा त्याच्या काखेत पाचरीसारखा घुसला. कानाशी हेक्टरचा श्वास. "चल. थांबू नको. चल."

गुडघा टेकला नाही. रॉडी चालत राहिला.

"पडला का हो तो?" गर्दीतल्या कुणा पाहुण्यानं विचारलं.

"कोण पडला?" हेक्टर गुरकावला. "मी मागंच होतो. मला दिसलं नाही, तुला दिसलं?"

"कुणी पडलं नाही," टोळीतला एकजण म्हणाला. मग दुसरा. मग बंदराच्या त्या कोपऱ्यावरची, सगळं नीट बघितलेली माणसंही तेच म्हणाली.

फेरी संपल्यावर हेक्टर फावड्यात निखारा घेऊन एल्सीच्या दारात उभा राहिला. बाकीची टोळी त्याच्या मागं.

"घे. वर्षभर चुलीपाशी ठेव."

एल्सीनं फावडं घेतलं. निखारा सांडू दिला नाही तिनं. "आत या. सूप गरम आहे."

हेक्टरनं पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मीठ कमी आहे."

"सँडीही हेच म्हणायचा," एल्सी म्हणाली.

सगळ्यांचे चमचे थांबले. रॉडीनं टेबलाखाली मूठ आवळली.

हेक्टरनं वाडगा तोंडाला लावून रिकामा केला आणि तिच्यापुढं सरकवला.

"वाढ अजून."