ब्रेकबाईंची शिकवणी

गाडी शिकवणाऱ्या शाळेत त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत. समोर नाही, अर्थात. समोर 'मॅडम' म्हणत आणि सांगतील तिकडे मुकाट्यानं वळत. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, अडीअडचणीला दाबायचा. ब्रेकबाईंच्या मते शिकणारा गाडीत बसला की अडचण सुरू झालेलीच असते. त्यामुळे पाय कायम तिथेच. समोर कुत्रं आलं, ब्रेक. कुत्र्याच्या मनात यायचं आहेसं वाटलं, तरी ब्रेक. स्टिअरिंग जरा डगमगलं की यांचा हात त्यावर. शेवटपर्यंत बिचाऱ्या शिष्याला कळत नसे, गाडी आपण चालवतोय की आपल्याला फिरवून आणताहेत. मग परीक्षेच्या दिवशी शेजारी आरटीओचे साहेब बसत, ते काही ब्रेक दाबत नसत, आणि शिष्य पहिल्याच वळणावर फुटपाथवर चढे. "लोकांना शिकायचंच नसतं," असं म्हणून ब्रेकबाई पुढचा शिष्य घेत.

चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवणारा एक शांत माणूस त्यांच्याकडे शिकायला आला आणि परीक्षेत पुन्हापुन्हा आपटला. शेवटी त्यानं बाईंशी लग्नच केलं. भरलेली फी वसूल करायचा तेवढाच मार्ग उरला होता, असं शाळेतले लोक म्हणत. पास झाला तो बाई तापानं फणफणल्या होत्या आणि सराव दुसऱ्या शिक्षकाबरोबर झाला तेव्हा. "तू शेजारी नसलीस की मला येते गं गाडी," तो एकदा म्हणाला होता. बाईंनी ते विनोद समजून सोडून दिलं.

अशा या ब्रेकबाईंना मुलगा झाला. बाळंतपणाचा त्यांनी कसून अभ्यास केला होता. कळांचं भय होतं, टाक्यांचं होतं. पाजण्याचं मात्र नव्हतं. त्यात काय शिकायचंय? मांजरीसुद्धा पाजतात. मांजरीच्या उशाशी सासू, आई आणि मोबाइल घेतलेला नवरा बसलेला नसतो, हे तेवढं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

दवाखान्यातल्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी नीट सांगितलं होतं. "बाळाला छातीशी आणा, तुम्ही त्याच्यावर वाकू नका. मानेला न् खांद्यांना आधार द्या, डोक्यामागून दाबू नका. त्याला आ करू दे मोठा. नुसतं बोंड नको, भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा." बाई "हो, हो" म्हणाल्या. त्यांचे शिष्यही असंच "हो, हो" म्हणत, आणि बाईंना त्याचा भयंकर राग येई.

मग पोर तोंड वेडंवाकडं करत इकडेतिकडे शोधू लागलं. बाईंना धीर कुठला! ते जरा डगमगलं की यांचा पंजा त्याच्या डोक्यामागे, आणि दाब पुढे. पोर मागे रेटायचं, कमान व्हायचं, लाल होऊन किंचाळायचं. बाई आणखी दाबायच्या. कधी लागलंच तर बोंडाच्या टोकाला, असं की बाईंच्या डोळ्यांसमोर तारे चमकत. चिरा पडल्या. ज्या जिवासाठी इतकी वाट पाहिली त्याच्या भुकेची आपल्याला भीती वाटते, याची त्यांना लाज वाटे, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

सोय सल्ल्यांची मात्र उत्तम होती. सासूबाई म्हणाल्या, "दूध उतरलेलंच नाही." आई म्हणाली, "उतरलंय भरपूर, हिला धरता येत नाही." दोघींचं कशावर एकमत म्हणून नव्हतं. एकीनं बाळ उजवीकडे दिलं की दुसरी डावीकडे द्यायला लावी. नवऱ्यानं मोबाइलवरच्या एका हसऱ्या बाईचा व्हिडिओ दाखवला. तिच्या केसाची बट हललेली नव्हती आणि बाळ मेणाचं असावं इतकं शहाणं होतं. शेजारची काकू तर दारातूनच म्हणाली, "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं." तिची मुलं आता कुठे असतात आणि वर्षातून किती वेळा फोन करतात, हे विचारायचं बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण बाळंतिणीनं शांत राहावं, असाही एक सल्ला मिळालेला होता.

डॉक्टरीणबाईंनी बाळ काट्यावर ठेवलं. "सुरुवातीला थोडं वजन उतरतंच," त्या म्हणाल्या, "पण आता चढायला हवं होतं. गुरुवारी पुन्हा आणा. नाही चढलं तर वरचं दूध सुरू करू. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, बाळाचं पोट भरणं महत्त्वाचं." डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, बोलल्याही चांगलं. ब्रेकबाईंना मात्र त्यातला एकच शब्द ऐकू आला, आणि तो डॉक्टरीणबाईंनी उच्चारलाच नव्हता: नापास.

गुरुवारी नवरा गाडी चालवायला बसला. त्यांच्या स्वतःच्या गाडीत एकच ब्रेक होता, तो त्याच्या पायाशी. बाई बाळाला घेऊन मागे. म्हणजे पाय मोकळे, पण जीभ होतीच. "सिग्नल बघ. अरे, त्या उभ्या सायकलकडे काय बघतोस? गिअर बदल!" रेल्वे फाटकापाशी चढावर गाड्यांची रांग लागली होती. नवऱ्यानं इंजिन बंद केलं. ते गप्प झालं आणि पोरानं तोंड उघडलं. भूक लागली होती.

बाईंनी ओढणी घेतली, त्याला जवळ घेतलं, आणि तेवढ्यात फाटक उघडलं. नवऱ्यानं चावी फिरवली, क्लच सोडला, गाडी हिसका देऊन बंद पडली. मागे हॉर्न. पुन्हा चावी, पुन्हा हिसका.

"हाफ क्लच!" बाई ओरडल्या. एका हाताचा कोपर बाळाच्या मानेखाली, दुसऱ्या हातानं पुढची सीट धरलेली. "हाफ! हळू सोड ना! घसरतेय मागे, हँडब्रेक ओढ! अरे, काय शिकवलं होतं मी?"

आणि मग बाई एकदम गप्प झाल्या.

इतक्या गप्प, की नवरा घाबरला. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. "काय गं? काय झालं?"

बाई खाली बघत होत्या. बाळाच्या डोक्यामागे कुणाचाच हात नव्हता. हात सीटवर होता, नवऱ्याचं डोकं धरता येत नाही म्हणून. मोकळ्या डोक्यानं पोर आपलं आपण इकडेतिकडे घुसळलं होतं, मान जरा मागे टाकून चांगला मोठा आ केला होता, आणि धरलं होतं. चिमटा नाही, तारे नाहीत. नुसती एक खोल ओढ. गाल भरून येत होते, आणि मधूनमधून घोट घेतल्याचा बारीकसा आवाज येत होता, हॉर्नच्या गदारोळातही ऐकू येणारा.

"काही नाही," बाई कशाबशा म्हणाल्या. "पितोय." आणि भर रस्त्यात ढसाढसा रडायला लागल्या.

नवऱ्यानं मागे पाहिलं नाही. शहाणा माणूस. त्यानं गाडी सुरू केली, अलगद क्लच सोडला, चढ पार केला आणि दोन टेम्पोंच्या मधल्या जागेत, कुणी काहीही न सांगता, पहिल्या झटक्यात गाडी लावली. इंजिन बंद करून तो बसून राहिला. ब्रेकबाईंनी ते पार्किंग पाहिलं. त्यात काढण्यासारखी एकही चूक नव्हती, आणि तरीही त्यांना बरं वाटत होतं.

तू शेजारी नसलीस की मला येते गं गाडी. तो विनोद नव्हता, हे त्यांना आत्ता कळलं. किती जणांच्या डोक्यामागे आपण असा हात दाबून धरला असेल, कुणास ठाऊक.

दवाखान्यात काटा जेमतेम हलला. एका वेळच्या दुधानं आणखी काय होणार? पण डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून पाजायला लावलं, वाकून नीट पाहिलं, आणि म्हणाल्या, "पकड छान आहे आता. मागेल तेव्हा पाजत राहा, परवा पुन्हा वजन करू. तोवर वरचं नको."

घरी बातमी कळताच दोन्ही आज्यांनी श्रेय वाटून घेतलं, म्हणजे दोघींनीही पूर्ण घेतलं. "मी पहिल्यापासून सांगत होते," सासूबाई म्हणाल्या. आई म्हणाली, "माझीच मुलगी आहे शेवटी." बाळाला पुन्हा भूक लागली तशी दोघी पलंगाच्या दोन बाजूंना येऊन बसल्या. पोरानं तोंड वेडंवाकडं करत शोधायला सुरुवात केली, जरा चुकलं, कुरकुरलं. लगेच इकडून एक हात आणि तिकडून एक हात त्याच्या डोक्यामागे आला.

ब्रेकबाईंच्या आवाजात धार नव्हती, म्हणून दोघी जास्तच दचकल्या.

"हात काढा दोघींनी," त्या म्हणाल्या. "त्याला येतं."