तिसरी बकुळ

सुपडाजींच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम वाढलेलं असायचं. बाकीची नऊ नखं झिजून मातीनं काळी पडलेली आणि हे एकच लांब. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळसच आली. नंतर कळलं, ते त्यांचं औजार होतं. एखादं रोप मान टाकून उभं दिसलं की सुपडाजी त्याच्याजवळ उकिडवे बसत, त्या नखानं बुंध्याची साल ज्वारीच्या दाण्याएवढी खरवडत आणि डोळे बारीक करून आत पाहत. आत हिरवं दिसलं की म्हणत, "हाय, जीव हाय अजून." हिरवं नसलं तर काही न बोलता उठून जात. 'मेलं' हा शब्द त्यांनी झाडाबद्दल वापरलेला मी कधी ऐकला नाही.

मी जन्मभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, म्हणून खामगाव रस्त्यावरच्या आमच्या उद्यानात जाऊ लागले. उद्यान म्हणायचं आपलं! अर्ध्यात वेडी बाभूळ, अर्ध्यात गाजरगवत. नगरपालिकेनं जागा दिली होती, नळ दिला होता आणि एक माळी दिला होता. तो माळी म्हणजे सुपडाजी. मूळचे सोनाळ्याचे. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर आईनं सुपात घातलं, त्यावरून नाव सुपडा. एवढ्या मोठ्या जागेला एक माणूस कसा पुरणार? म्हणून सकाळी फिरणाऱ्यांचं मंडळ, दोन बचत गट, कॉलेजची मुलं, बाजारपेठेतले दुकानदार असे सगळे जमून आम्ही एक समिती केली आणि तिची चिटणीस म्हणून माझी वर्णी लागली. बाकी कोणी तयार नव्हतं, दुसरं काय!

पहिल्या रविवारी नुसता गोंधळ. चाळीस माणसं एकाच कोपऱ्यात गवत उपटत होती आणि फोटो काढत होती. मी घरून चौकोनी कागदावर आखणी करून आणली होती, कोणी कुठे बसायचं ते. सुपडाजींनी कागद उलटसुलट पाहिला. "बाई, हे पोरी बसवाचं काम नोहो," म्हणाले, "निंदन हाय हे." मग त्यांनी शेतात तण काढताना बाया धरतात तशा सगळ्यांना पाती धरायला लावल्या. पात म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची ओळ. सगळे एका रेषेत बसले आणि पुढे सरकू लागले. किराणा दुकानदार हरिभाऊ सर्वांच्या आधी टोकाला पोचले आणि बाकावर बसून घाम पुसू लागले. सुपडाजी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "भाऊ, आपली पात झाली म्हनून बसाचं नाही. मागं वळाचं. जो मागं राह्यला त्याले सामोरं जाचं." हरिभाऊ गावातलं मोठं नाव. मला वाटलं, आता भडकतील. पण ते मुकाट्यानं उठले आणि मागे पडलेल्या म्हाताऱ्या बाईची पात समोरून निंदायला बसले. त्या दिवसापासून आमचं उद्यान असंच चाललं.

उद्यानाच्या मागच्या अंगाला आम्ही थोडी जागा स्मृतीच्या झाडांसाठी ठेवली होती. हल्ली आमच्याकडे बरीच घरं राख नदीत सोडत नाहीत. तिसऱ्या दिवशी राख सावडली की मडकं इकडे आणतात, खड्ड्यात रिकामं करतात आणि त्यावर झाड लावतात. घरचं माणूस गेलं तरी झाड होऊन डोळ्यांसमोर राहतं, असं सगळे म्हणत. मग त्या झाडाला हळदीकुंकू, बुंध्याशी दूध, उदबत्त्या. हरिभाऊंची लेक पंचविशीत गेली, तिचा कदंब तिथेच आहे. आणि आमच्या ह्यांची बकुळसुद्धा.

हे पोस्टात होते. येताना रुमालात बकुळीची फुलं बांधून आणायचे आणि मी खेकसायचे, "हा काय पोरखेळ या वयात?" एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेले. मी चारचौघांत रडणारी बाई नाही. पण रोज तीन फेऱ्या झाल्या की मी बकुळीपाशी पाच मिनिटं थांबत असे. मुलाचा फोन आला नाही, गॅस संपला, शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं, असं काहीबाही तिला सांगत असे. बकुळ चांगली कमरेएवढी झाली होती. तीन उन्हाळे तिनं काढले याचा मला केवढा अभिमान! आजूबाजूच्या झाडांच्या मानानं आमचं झाड चिवट, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

वैशाखातली गोष्ट. हजेरीची वही उद्यानाच्या शेडमध्ये विसरले म्हणून मी भर बारा वाजता परत गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मागच्या बाजूला कुदळीचा आवाज आला म्हणून वळले, तर सुपडाजी एका स्मृतीच्या झाडापाशी खणत होते. त्यांच्या बायकोनं, कमलाबाईंनी, मोठ्या पिशवीतलं रोप धरलं होतं. सुपडाजींनी खड्ड्यातून वाळलेलं रोप उपसून बाजूला टाकलं, तेवढ्याच उंचीचं, तेवढ्याच फांद्यांचं दुसरं त्या जागी बसवलं, नावाची जुनीच पाटी लावली, घरच्यांनी बांधलेला जुनाच दोरा बांधला आणि ओली माती दिसू नये म्हणून वर पाचोळा पसरला. मी चोर पकडावा तशी ओरडले, "सुपडाजी! काय चाललंय हे?"

कमलाबाईंनी पदर तोंडाशी घेतला. सुपडाजी शांतपणे म्हणाले, "वाळलं होतं, बाई. एका पोरीच्या मायचं झाड हाय. पोरगी माहेरी आली की घरी जाच्या आंधी इथं येते. तिले काय सांगू? तुही माय पुन्हा गेली म्हनून सांगू?"

"आणि वाळलं कशानं?"

"राखेनं. मूठभर असली त चालते. हे लोकं पुरं मडकं ओततात मुळाशी, वरून दूध, उदबत्त्या. लोकायचं प्रेम लय गरम रायते बाई, रोपाले सोसत नाही."

"मग सांगायचं ना लोकांना तसं!"

"कवा सांगू? घरी सुतक असते, मानसं रडून रडून आलेले रायतात. तुमच्या बापाच्या राखेनं झाड जळते, हे तवा कोन्या तोंडानं सांगाचं?"

मी बकुळीकडे बोट केलं. "आणि ही?" सुपडाजींनी मान खाली घातली. बराच वेळ पायानं पाचोळा सारखा करत राहिले. मग म्हणाले, "तिसरी हाय, बाई."

तिसरी! म्हणजे ह्यांची राख ज्या मुळाशी मी माझ्या हातानं घातली ते झाड पहिल्याच उन्हाळ्यात गेलं होतं, दुसरंही गेलं होतं, आणि मी रोज उभी राहून कोणाशी बोलत होते? मला भयंकर संताप आला. "तुम्ही गावाला फसवलं," मी म्हणाले. "येत्या रविवारी समितीपुढे ठेवते सगळं." सुपडाजींनी एवढंच म्हटलं, "ठेवा. तुमचा हक हाय." समितीनं नगरपालिकेला एक शब्द कळवला असता तर त्यांचं काम गेलं असतं, आणि निवृत्तीला वर्षभरच उरलं होतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी ठरवलं होतं. खोट्याला माफी नाही, हेच मी मुलींना जन्मभर शिकवलं होतं.

आठवडाभर बकुळीकडे फिरकले नाही. रविवारी सगळे जमले. सुपडाजी शेडच्या खांबाला टेकून उभे होते, टोपी हातात. मी बोलायला उठणार इतक्यात हरिभाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन आले. एवढा मोठा माणूस, पण डोळे भरलेले. "माह्या पोरीले यंदा पहिल्यांदा फूल आलं," म्हणाले. झाडाले नाही म्हणाले, पोरीले म्हणाले. प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत माझ्यापाशी आले. मी सुपडाजींकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली. तो कदंबही पहिला नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. मी पेढा तोंडात घातला आणि खाली बसले. अध्यक्षांनी विचारलं, "बाई, काही बोलणार होता ना?" मी म्हणाले, "काही नाही. पाण्याच्या पाळ्यांचं होतं, पुढच्या वेळी पाहू."

सभा संपल्यावर मी सुपडाजींना गाठलं. "हे असं किती दिवस चालवणार? काहीतरी पद्धत बसवा." त्यांनीही विचार करून ठेवलाच होता. रोपापासून दोन हात लांब गोल चर खणायचा, राख त्यात पसरायची, वर माती लोटायची, आणि दूध अजिबात नाही. मी ते मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिलं. पहिल्याच कुटुंबानं आक्षेप घेतला. थोरला मुलगा तावातावानं म्हणाला, "बापाले असं दूर काऊन ठेवता?" सुपडाजी चर खणता खणता थांबले. "दूर नाही, भाऊ. मूळ जाईन ना बापाकडं. लेकरानंच जाव लागते, बाप कायले येईन?" मुलानं स्वतः चरात उतरून हातानं राख पसरली. त्यानंतर वाळणारी रोपं फार कमी झाली. पण अधूनमधून दुपारच्या वेळी कुदळीचा आवाज यायचा, तेव्हा मी मागच्या बाजूला जात नसे.

बकुळीपाशी परत जायला मला महिना लागला. गेले आणि नुसतीच उभी राहिले. मग सुपडाजीच पाण्याचा पाइप घेऊन आले. "राग गेला नाही, बाई?" मी म्हणाले, "नाही गेला." "मंग रागातच पानी द्या," म्हणाले, "तिचा काय दोष?" मी पाणी दिलं. आणि देता देता पोस्टाच्या पेन्शनच्या रांगेतली एक गंमत तिला सांगून बसले. सवय हो, दुसरं काय! माणूस मेलं तरी बोलणं थोडंच संपतं.

निवृत्तीनंतरही सुपडाजी रोज येत राहिले. गेल्या हिवाळ्यात ताप आला, छातीत कफ साठला, खामगावला दवाखान्यात नेलं आणि चौथ्या दिवशी गेले. अर्धी राख सोनाळ्याला गेली, अर्धी कमलाबाई इकडे घेऊन आल्या. सगळं गाव उद्यानात लोटलं होतं. नियमानं दोन हात लांब चर खणला, राख हरिभाऊंनी पसरली, मधोमध कडुनिंब लावला. लोक पांगल्यावर कमलाबाईंनी मला बाजूला घेतलं.

"बाई, हे वाळलं त मले सांगजा. बदलू नका."

मी म्हणाले, "कडुनिंब आहे, कशाला वाळेल?"

"तरी सांगून ठेवतो. ह्यायनं लोकायसाठी केलं ते बरोबरच केलं, रोपं मीच धरली हातात. पन मी लोक नोहो."

कडुनिंब वाळला. उन्हानं नाही, राखेनं नाही. सुपडाजींवर जीव लावणारं सगळं गाव सकाळी फिरायला येताना हातातली बाटली त्याच्या बुंध्याशी रिकामी करून जात होतं. चार दिवसांतून एकदाच पाणी घाला, असं मी फळ्यावर लिहिलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, लिहून झाल्यावर मीही तांब्याभर ओतलं होतं. आमच्या काळ्या मातीत पाणी मुरलं नाही, मुळं कुजली. शेडमागे तेवढ्याच उंचीचे तीन कडुनिंब पिशव्यांत तयार होते. कुदळही तिथेच होती. दोन दुपारी मी शेडपर्यंत जाऊन परत आले.

तिसऱ्या दिवशी कमलाबाईंच्या घरी गेले. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"कवा पाह्यलं?"

"परवा."

"मंग दोन दिस तुम्ही एकट्याच घेऊन बसल्या हे?" त्यांनी माझा हात धरून मला बाजेवर बसवलं आणि पाणी आणायला आत गेल्या. मला तेव्हा रडू आलं, चारचौघांत न रडणाऱ्या मला. माझ्याच्यानं एक मरण दोन दिवस पेललं नव्हतं. सुपडाजींनी वर्षानुवर्षं सगळ्या गावाची पेलली होती, आणि मी त्यांना फसवणारा म्हणाले होते. तो शब्द मी त्यांच्या हयातीत परत घेतला नाही.