नावाच्या रकान्यातली रेघ

माझ्या चित्रांत नुसत्या रेघा असतात. झाड नाही, देऊळ नाही, माणूस नाही. आधीच सांगते, म्हणजे मागाहून कुणी शोधत बसायला नको. शिकले कुठे म्हणाल तर जमिनीवर. पेडण्याजवळ पार्सेला सासरी आले तेव्हापासून सारवण माझ्याकडे. शेणाचा हात अर्धगोल फिरवायचा, एका वळीला लागून दुसरी, आणि मागं मागं सरकत दार गाठायचं. वाळल्यावर त्या वळी मी उगाच बघत बसायची. मग तशाच कागदावर काढू लागले. माझा भाऊ डिचोलीकडे खाणीच्या कचेरीत होता, तो बाद झालेले नकाशे आणून द्यायचा. त्यांची मागची बाजू कोरी असायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग मुलीच्या शाळेतल्या बाईंनी ते कागद पाहिले आणि पणजीच्या एका प्रदर्शनाची बातमी आणली. आमचे हे म्हणाले, "सारवण दाखवायला पणजीला कशाला? शेजारणीला दाखव की."

तरी गेले. पेडण्याहून म्हापसा, तिथून दुसरी बस, गुंडाळी मांडीवर आडवी. चित्रं घेण्याचा तो शेवटचा दिवस. परत पाठवलं असतं तर पुन्हा घरातून कागद घेऊन निघायला मला तोंड राहिलं नसतं.

टेबलाशी दोघे बसले होते. चष्मेवाल्यानं कागद पसरला.

"हें कितें गो बाये?"

"रेघा."

"तें दिसता. चित्राचें नांव कितें?"

"नाव नाही ठेवलं."

"नांव नासल्यार घेवंक जायना."

शेजारचा म्हणाला, "नावाशिवाय घेता येत नाही ना, मग लिहा हो, 'लाटा'."

"लाटा कित्याक? 'ल्हारां' बरय."

"फॉर्म मराठीत छापलाय."

"छापूं. राजभास कोंकणी."

गोवा तेव्हा नुकतंच राज्य झालेलं. हा वाद चहाच्या दुकानात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठंही निघायचा. मी आपली उभी. शेवटी दोघेही माझ्याकडे वळले. "तूंच सांग, लाटा काय ल्हारां?"

म्हटलं, "पाणीच नाही हो त्यात."

चष्मेवाल्यानं चित्र एकदा जवळून पाहिलं, एकदा लांबून. मग कोऱ्या रकान्यात मारतात तशी एक आडवी रेघ त्यानं नावाच्या जागी ओढली आणि कागद घेतलेल्या चित्रांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

प्रदर्शनात यादी लावली होती. माझ्या नावापुढे ती रेघ तशीच छापलेली. आमच्या ह्यांनी वाकून वाचली. "नाव काढलंस हो," म्हणाले, आणि पुढं मात्र माझ्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले.

पुढं पुष्कळ चित्रं झाली, मुंबई-दिल्लीलाही गेली. फॉर्म मीच भरते. परवा एका प्रदर्शनाच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला, "आजी, नावाचा रकाना रिकामा राहिलाय."

म्हटलं, "रिकामा नाही गो. भरलाय. नीट बघ."